महाराष्ट्रात इलेक्ट्रिशियन व्हायचंय? आयटीआयच्या फॉर्मपासून पहिल्या बिलापर्यंत

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात गावाकडून दोन-तीन फोन येतातच. "दादा, पोरगं पास झालं. इलेक्ट्रिशियनला टाकू का? पगार किती पडतो?" मी उलट विचारतो, "कुठल्या इलेक्ट्रिशियनचा?" समोरचा गप्प.

प्रश्न टाळण्यासाठी नाही विचारत. आमच्या आयटीआयच्या एकाच बॅचमधला एक जण आज महावितरणमध्ये तंत्रज्ञ आहे, एक रेल्वेत आहे, मी चार पोरं हाताशी घेऊन कामं करतो. आणि ज्याला आम्ही दुसऱ्या वर्षापासूनच 'मिस्त्री' म्हणायचो, ज्याचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा साफ, तो आजही हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर, आहे. अक्कल कमी म्हणून नव्हे. त्याने आयटीआयनंतर एकही कागद केला नाही. ॲप्रेंटिसशिप (आयटीआयनंतरची उमेदवारी) अर्धी सोडली, परवाना काढला नाही. या धंद्यात हातातलं कसब पोट भरतं, पण पगाराची पायरी कागदावरूनच चढावी लागते. म्हणून हा लेख कागदांच्या क्रमाने लिहिलाय. आकडे जिथे माझ्या पाहण्यातले आहेत तिथे ते पुणे–चाकण पट्ट्यातले समजा. लातूर-नांदेडला कमी धरा. मुंबईत थोडे जास्त, पण तिथे खोलीचं भाडंही तसंच.

१. आधी ठरवा: इलेक्ट्रिशियन की वायरमन

दोन्ही ट्रेड (आयटीआयचे अभ्यासक्रम) दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वायरमनला आठवी पासवरही बसता येतं. दहावीला गणितात गचकलेल्या पोराला घरी बसवण्यापेक्षा वायरमनला घाला, वर्ष वाया जात नाही.

इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात मोटार, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल हे जास्त येतं, वायरमनमध्ये वायरिंगवर भर. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला दोन्ही चालतात. कारखान्यात मात्र इलेक्ट्रिशियन आधी विचारला जातो. दहावी पास असाल आणि गुण बसत असतील तर इलेक्ट्रिशियनच घ्या.

कुठेतरी तीन महिन्यांचा 'इलेक्ट्रिशियन कोर्स' करून सर्टिफिकेट मिळतं. शिकायला वाईट नाही, पण सरकारी भरतीत आणि ट्रेड ॲप्रेंटिसशिपमध्ये ते आयटीआयच्या जागी धरत नाहीत. फी भरण्याआधी हे डोक्यात असू द्या.

२. प्रवेश

राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, ऑनलाइन आणि गुणवत्तेवर होतो. जवळ ठेवायचे कागद:

- दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर
- फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला

नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात जी झुंबड उडते तिच्यात पोरांच्या प्रवेशाच्या फेऱ्या हुकतात.

दोन खड्डे. एक, फॉर्म नुसता भरून चालत नाही, अर्ज निश्चित करावा लागतो आणि मग विकल्प (कुठला आयटीआय, कुठला ट्रेड) भरावे लागतात. दरवर्षी कुणीतरी फॉर्म भरून निवांत बसतो आणि यादीत नाव नाही म्हणून रडतो. दोन, विकल्प खरोखर हवे त्याच क्रमाने भरा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला आणि तुम्ही तो घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता.

खासगी आयटीआयमध्ये जाणार असाल तर एकच प्रश्न विचारा: 'या ट्रेडच्या या तुकडीला एनसीव्हीटीची मान्यता आहे का?' एनसीव्हीटी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद. संस्थेला मान्यता आहे, हे उत्तर नव्हे. ट्रेडची आणि तुकडीची हवी. पुढे भरतीच्या जाहिरातीत 'एनसीटीव्हीटी' असं जुनं नाव दिसेल, त्याला घाबरू नका. ते त्याच राष्ट्रीय प्रमाणपत्राबद्दल बोलतात.

आणखी एक, बारीक पण महागात पडणारी गोष्ट. दहावीच्या गुणपत्रकावर, आधारवर आणि आयटीआयच्या नोंदणीत नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. माझ्या नावात एक 'ए' जास्त पडला होता. तो काढायला मला आयटीआयच्या चार आणि पोस्टाच्या दोन फेऱ्या लागल्या, तीही कागदपत्र तपासणीच्या आदल्या आठवड्यात.

३. दोन वर्षांत काय खरंच शिकायचं

हजेरी, जर्नल, परीक्षा होतच राहतात. मी आज नवीन पोराला कामावर घेताना त्याचे गुण विचारत नाही. चार गोष्टी करून दाखवायला सांगतो.

पहिली, जिना-दिव्याची टू-वे जोडणी, कागदावर न काढता. दुसरी, स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोठी मोटार सुरू करायच्या जोडणीचं) कंट्रोल वायरिंग बघून कुठला कॉन्टॅक्टर कधी आत येतो ते सांगणं. तिसरी, मेगरने इन्सुलेशन तपासणं. चौथी सगळ्यात महत्त्वाची: आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) सतत पडतोय, तर लीकेज कुठल्या सर्किटमध्ये आहे ते शोधून काढणं. चौथी जमली तर बाकीच्या तीन न विचारता घेतो. पाइप टाकणारे, भिंतीत झिरी मारणारे, वायर ओढणारे पन्नास मिळतात, फॉल्ट शोधणारा एखादाच. ग्राहक पैसे फॉल्ट सापडल्याचे देतो.

घरच्या वायरिंगचे ठोकताळे पाठ असू द्या: लाइट-पंख्याला १.५ चौरस मिमी, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला २.५, गिझर-एसीला ४. सगळीकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आणि अर्थिंग म्हणजे हिरवी वायर सॉकेटपर्यंत नेणं नव्हे. ती जमिनीत नीट पोचली आहे की नाही हे अर्थ टेस्टरने बघणं. जुन्या वाड्यांत हिरवी वायर बोर्डात येऊन भिंतीत नुसतीच संपलेली मी किती वेळा पाहिली आहे, मोजदाद नाही.

थोडं इंग्रजी वाचता येऊ द्या. मोटारीच्या नेमप्लेटवर आणि ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) मॅन्युअलमध्ये मराठी नसते.

४. ॲप्रेंटिसशिप: हे वर्ष सोडू नका

आयटीआय इलेक्ट्रिशियनला ट्रेड ॲप्रेंटिसशिप एक वर्षाची. ती पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. आमच्या मिस्त्रीने हेच वर्ष सहाव्या महिन्यात सोडलं, कारण साइटवर दुप्पट मिळत होते. तेव्हा आम्हालाही तो शहाणा वाटला होता.

विद्यावेतन कमीच असतं. २०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपयांच्या दरम्यान ठरवलं, आयटीआयवाला त्यात मधे बसतो. खोलीभाडं आणि मेस यात भागत नाही, घरून मदत लागते. हे आधीच घरी स्पष्ट सांगा.

कुठे करायची?

मध्य रेल्वेची ॲप्रेंटिस भरती माझ्या मते सगळ्यात चांगली. परळ, माटुंगा, भुसावळ, पुणे, सोलापूर, नागपूर इथल्या कारखान्यांत आणि शेडमध्ये जागा असतात आणि निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नाही. शिवाय पुढे रेल्वेच्या लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या पायरीच्या पदांच्या) भरतीत रेल्वेतच ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. महावितरणही जिल्हावार ॲप्रेंटिस घेतं. तिथे खांबावरचं आणि उपकेंद्राचं काम बघायला मिळतं. खासगी कारखान्यात पॅनेल, ड्राइव्ह, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) हे हाताखालून जातं.

आता सापळा. कंपनी 'ट्रेनी' म्हणून घेते आणि तुम्हाला वाटतं ॲप्रेंटिसशिप चाललीय. वर्षाने कळतं की पोर्टलवर तुमचा करारच नोंदवलेला नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने बघा: करार दिसतो का, ट्रेड 'इलेक्ट्रिशियन'च लिहिलाय का, तारखा बरोबर आहेत का. दिसत नसेल तर एचआरला लेखी विचारा. तोंडी उत्तर "होईल, होईल" असंच येतं.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये. अनुभव म्हणून ठीक आहे, पण ती ॲप्रेंटिसशिपची जागा घेत नाही आणि पुढे कायम करण्याचं आश्वासनही नाही. दोन्हींत निवडायची वेळ आली तर ॲप्रेंटिसशिप घ्या.

५. पहिली नोकरी आणि पगाराची चिठ्ठी

एमआयडीसीत नव्या आयटीआयवाल्याला बहुधा कंपनी थेट घेत नाही, ठेकेदारामार्फत घेते. माझ्या पाहण्यात सुरुवातीला हातात १५ ते १८ हजार पडतात, तेही ओव्हरटाइम धरून. तीन-चार वर्षांत पॅनेलचं ड्रॉइंग वाचून ब्रेकडाउन काढता आला की २५ ते ३०. पीएलसी आणि ड्राइव्हमध्ये हात बसला की ३५ च्या पुढे. मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्कच्या देखभालीत काम हलकं, पाळी ठरलेली, पण पगार लवकर तुंबतो. तिथे तीन वर्षांपेक्षा जास्त थांबू नये असं माझं मत.

आकड्यापेक्षा स्लिप बघा. स्लिपच देत नसतील तर तीच मोठी खूण.

- मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे दाखवलेत का? राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. तुमचा पगार वर्षभर त्याच आकड्यावर असेल तर विचारा.
- तुम्हाला 'कुशल' धरलंय की 'अकुशल'? आयटीआयवाल्याला हेल्पर दाखवून अकुशलचा दर देण्याची ठेकेदारांची जुनी खोड आहे.
- पीएफ १२ टक्के तुमच्याकडून, तेवढाच मालकाकडून. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. ईएसआयला महिना पगाराची मर्यादा २१,००० रुपये.
- कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा.

माझ्या पहिल्या ठेकेदाराने आठ महिने पीएफ कापला आणि भरला तीनच महिने. मला ते नोकरी सोडल्यावर दीड वर्षाने कळलं. आता मोबाइलवर उमंग ॲपमध्ये पासबुक दिसतं. दर महिन्याच्या वीस तारखेनंतर एकदा उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

६. हजेरीवर असाल तर

बांधकामाच्या साइटवर हिशोब हजेरीचा. आमच्याकडे हेल्परला ६०० ते ७००, हात बसलेल्या वायरमनला ९०० ते १,२०० रुपये. ऐकायला पगारापेक्षा बरं वाटतं. मग पावसाळ्यात स्लॅब थांबतात, दिवाळीला मजूर गावी जातात, बिल्डरचे पैसे अडकतात. महिन्यात वीस-बावीस हजेऱ्या भरल्या तर नशीब. हजेरी स्वतःच्या वहीत लिहा आणि दर शनिवारी मुकादमाची सही घ्या. उचल घेतली तीही त्याच पानावर लिहा.

एक काम मात्र साइटवरचा प्रत्येक जण विसरतो: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वायरिंगचं काम त्यात बसतं. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, बँक पासबुक इतकं लागतं. प्रमाणपत्र ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारी. पोरांच्या शिक्षणासाठी, बाळंतपणासाठी, अपघातात मदत मिळते. नोंदणीची फी नावापुरती आहे, त्यामुळे 'करून देतो' म्हणून दोन-दोन हजार मागणाऱ्या एजंटांना दारात उभं करू नका.

७. सरकारी भरती

महावितरण ही सगळ्यांची पहिली आशा. २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात निघाली होती. तिच्यातला पगाराचा भाग नीट समजून घ्या, कारण लग्न जमवताना यावरूनच घोळ होतात. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं मानधन: पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. त्यानंतर काम समाधानकारक असेल तर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. म्हणजे चाकणच्या ठेकेदाराकडे मिळतं तेवढ्यातच तीन वर्षं काढायची, पण चौथ्या वर्षी चित्र पालटतं. त्या जाहिरातीत वयाची मर्यादा १८ ते २७ होती, मागासवर्गीयांना पाच वर्षं सवलत. जाहिराती दरवर्षी निघत नाहीत आणि निघाली तरी परीक्षा-निकालात बराच काळ जातो, म्हणून २५ पार केल्यावर 'पुढच्या वेळी बघू' म्हणू नका.

काम खांबावरचं, पावसात-रात्री-अपरात्रीचं आहे, हेही सांगून टाकतो. आणि मुलींनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात आणि पोलवर चढणाऱ्या मुली आता नवलाई राहिलेल्या नाहीत.

रेल्वेत सहाय्यक लोको पायलट आणि टेक्निशियन ग्रेड-३ ला आयटीआय इलेक्ट्रिशियन चालतो, दोन्हींचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, वर भत्ते. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदानी यांचं वितरण आहे, भिवंडीत टोरंट. त्यांच्या भरत्या वेगळ्या, त्यांच्याच संकेतस्थळांवर बघाव्या लागतात.

भरतीच्या नावाखाली पैसे मागणारा भेटला तर, मग तो 'साहेबांच्या घरचा' असो की मेव्हण्याचा मित्र, चहा पाजा आणि निरोप द्या. आमच्या शेजारच्या गावात एकाने त्यापायी अर्धा एकर गमावला.

८. तारतंत्री परवाना

सरकारी भाषेत वायरमनला तारतंत्री म्हणतात. राज्याचं अनुज्ञापक मंडळ तीन कागद देतं: तारतंत्री परवाना, पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदार परवाना. नियमाने वीजसंच मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या हातून. आपल्याकडे निम्मं राज्य बिनपरवान्याने वायरिंग करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अपघात झाला, आग लागली, पोलीस आले, की पहिला प्रश्न हाच असतो: काम कुणी केलं आणि परवाना कुठाय?

कुणाला परीक्षा द्यावी लागते आणि कुणाला सूट आहे, हे तुमचा आयटीआय, ॲप्रेंटिसशिप आणि अनुभव यावर ठरतं. एजंटला विचारण्याऐवजी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात एकदा स्वतः जा. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा: आयटीआयचं प्रमाणपत्र, ॲप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, अनुभवाचा दाखला, फोटो. अनुभवाचा दाखला परवानाधारक ठेकेदाराच्या लेटरहेडवर, त्याच्या परवाना क्रमांकासह हवा. कुणाच्याही चिठ्ठीवर चालत नाही. म्हणूनच काम शिकायला माणूस निवडताना त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. मिस्त्रीने सात वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्याच्याकडेच परवाना नव्हता, त्यामुळे ती सात वर्षं कागदावर नाहीतच.

तारतंत्रीनंतर काही वर्षांनी पर्यवेक्षकाचा विचार करा. डिप्लोमा असेल तर ही वाट सोपी होते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. घरची परिस्थिती असेल तर आयटीआयनंतर लगेच करा. तिशीनंतर बाकावर बसवत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय.

ठेकेदार परवाना मिळाल्यावर एक मोह समोर येतो. नवीन कनेक्शनला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि जागा न बघता पाचशे-हजारात सही देणारे असतात. त्या कागदावर अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासल्याचं लिहिलेलं असतं. न बघता सही केलेल्या घरात कुणाला शॉक लागला तर तो कागद तुमच्याच नावाने बोलणार.

९. हत्यारं

सुरुवातीला एवढंच घ्या: पक्कड, साइड कटर, वायर स्ट्रिपर, तीन आकारांचे स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, टेस्ट लॅम्प, डिजिटल मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप, मेजर टेप. ड्रिल आणि कटर दुसऱ्या पगारातून. टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा) कारखान्यात असाल तर लवकर, घरकामात असाल तर थोडं थांबून. मेगर आणि अर्थ टेस्टर ठेकेदार परवाना काढायची वेळ येईपर्यंत घ्यावेच लागतात.

मल्टिमीटर मात्र स्वस्तातला घेऊ नका. आणि निऑन टेस्टर लागला नाही म्हणजे लाइन बंद, असं कधीही धरू नका.

१०. 'लाइन बंद आहे' या शब्दावर विश्वास ठेवू नका

हा भाग वगळून पुढे जाल तर लेख वाचल्याचा उपयोग नाही. मेन स्वतः बंद करा, शक्य तिथे कुलूप घाला, चावी खिशात ठेवा आणि मग मीटरने तपासा. मेन बंद असतानाही इन्व्हर्टरची लाइन आत जिवंत असते. शेजारच्या दुकानाच्या जनरेटरचा न्यूट्रल तुमच्याशी जोडलेला असू शकतो. सौर पॅनेल तर ऊन आहे तोवर करंट देतच राहतं आणि डीसीचा आर्क एसीसारखा लवकर विझत नाही.

गावाकडच्या पोरांसाठी खास. आयटीआय झालात की पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी येणार: "डीपीवरचा फ्यूज उडालाय, वायरमन फोन उचलत नाही, तू टाक की." जाऊ नका. काका असोत, सरपंच असोत. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) महावितरणची आहे, तिच्यावर चढायचा अधिकार तुम्हाला नाही आणि काही झालं तर नुकसानभरपाईही नाही. पलीकडून कुणी लाइन चालू केली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. चार दिवस लोक नाव ठेवतील, ठेवू द्या.

११. सौर आणि आखात

सध्या नवीन पोरांना सगळ्यात जास्त काम सौरमध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, छतावरच्या ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान. शेतात सौर कृषिपंप. काम नोंदणीकृत व्हेंडरमार्फत होतं, तुम्ही त्याच्या हाताखाली टीम म्हणून जाता. दर किलोवॉटमागे ठरतो. त्यात स्ट्रक्चर, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर (वीज पडण्यापासून बचाव करणारा) धरलंय की नाही, ते आधी विचारून घ्या.

आखातात जायचं असेल तर नोंदणीकृत एजंटच गाठा. त्याची फी कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याहून जास्त नाही. दहावी पास असाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट पडत नाही, पण म्हणून टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नका. ॲप्रेंटिसशिपचं आणि आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र तिथे मालकाच्या हातात देऊ नका, प्रत द्या.

१२. स्वतःचं काम आणि पहिलं बिल

अंगावर काम घ्यायला लागलात की गुमास्ता (दुकान-आस्थापना) आणि उद्यम (लघुउद्योग) नोंदणी करून घ्या. दोन्ही ऑनलाइन होतात आणि बँकेत चालू खातं उघडायला लागतात. हाताखाली दोन-चारच माणसं असतील तर गुमास्त्याला परवाना लागत नाही, सूचना दिली की पुरतं.

घराच्या वायरिंगचा दर पॉइंटवर (दिवा, पंखा, सॉकेट यांच्या प्रत्येक जोडणीवर) किंवा चौरस फुटावर ठरतो. नवीन माणूस चौरस फुटावर फसतो. प्लॅनमध्ये खोलीला दोन दिवे असतात, मग मालकीणबाई पीओपी करतात आणि चाळीस पॉइंटचे सत्तर होतात, दर तोच. पॉइंटवर ठरवा आणि कागदावर लिहा: लाइट पॉइंट म्हणजे काय, टू-वेचे किती पॉइंट धरणार, पॉवर पॉइंट वेगळा, डीबी (एमसीबींचा डबा) ड्रेसिंग वेगळं, मेन केबल मीटरवर, पंखे-झुंबर लावणं दरात आहे की नाही. झिरी मारल्यावर ती बुजवणार कोण, हेसुद्धा. माझं पहिलं भांडण बुजवण्यावरूनच झालं होतं.

पैसे टप्प्यांत घ्या: सुरू करताना, पाइप-बॉक्स झाल्यावर, वायर ओढल्यावर, फिटिंगनंतर. शेवटचा टप्पा छोटा ठेवा, दहा-पंधरा टक्के. घरात माणसं राहायला आली की इलेक्ट्रिशियनचे उरलेले पैसे कुणाला आठवत नाहीत, एक प्लेट वाकडी आहे तेवढं मात्र आठवतं.

दुकानदार मालावर कमिशन देतो. मीही काही वर्षं घेतलं. मग एका ग्राहकाने त्याच दुकानातून तीच वायरची कॉइल माझ्यासमोर स्वस्तात आणली. तेव्हापासून मालाची यादी ग्राहकाच्या हातात देतो, खरेदी त्याची, मजुरी माझी. यादीत वायरचा आकार आणि आयएसआय मार्क लिहितो, कंपनी त्याने ठरवावी.

पहिल्या बिलावर परवाना क्रमांक छापायला विसरू नका. आणि काम संपल्यावर डीबीच्या झाकणाच्या आत कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा ते मराठीत लिहून चिकटवा, खाली तुमचा फोन नंबर. पाच वर्षांनी त्या घरात काही बिघडलं, तर झाकण उघडणारा आधी तुम्हालाच फोन लावेल.